आत्या कशाने गेली होती?

ऑक्टोबर, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, उजाडला की मुंबईत गुलाबी रिबिनी दिसायला लागतात, एखाददुसऱ्या इमारतीवर गुलाबी दिवे लागतात, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "कॅन्सरची जीन टेस्ट, घरबसल्या, ऑफर रविवारपर्यंतच" असलं काहीतरी येऊन पडतं. यंदा ते पडल्या पडल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली लिहिलं, "माझ्या मावशीला होता, म्हणजे मला होणारच ना? मुलीची टेस्ट करून घेऊ का?" त्यावर अठरा जणांनी अठरा उत्तरं दिली, त्यात एकाने लिंबूपाणी प्या असंही सांगितलं.

मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतबहिणीला, म्हणजे आमच्या ताईला, एकोणचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा तिच्यासोबत जेनेटिक काउन्सेलरपुढे, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञापुढे, बसले होते. शिकवायचा धडा एक आणि समोर बसून ऐकायचा धडा वेगळा, हे तेव्हा कळलं. तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर जरा ऐसपैस देते, कारण ते एका ओळीत देता येत नाही आणि एका ओळीत दिलं की घोळ होतो.

आधी जीन म्हणजे काय ते बघू

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए नावाची एक लांबलचक पोथी असते, फक्त चार अक्षरांत लिहिलेली. त्या पोथीतला जो परिच्छेद एखादं काम कसं करायचं ते सांगतो तो जीन. माणसाकडे असे साधारण वीस हजार परिच्छेद, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बाबांकडची. हे "दोन प्रती" प्रकरण लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

पोथी उतरवून घेताना चुका होतात, त्याला म्युटेशन म्हणतात. सगळ्या चुका सारख्या नसतात. कोणी "आणि" ऐवजी "आणी" लिहिलं तर मराठीचे मास्तर चिडतील पण अर्थ तोच राहतो. "दिन" ऐवजी "दीन" लिहिलं तर दिवसाचा गरीब होतो. आणि वाक्याच्या मध्येच दोन अक्षरं गळाली तर पुढचं सगळं वाचण्यापलीकडे जातं. जीनमध्ये या तिन्ही तऱ्हेच्या चुका होतात, आणि रिपोर्ट वाचताना सगळा खेळ हाच असतो की आपली चूक "आणी" वाली आहे का "दीन" वाली.

मेगाब्लॉक समजला तर ब्राका समजलं

ज्याच्याबद्दल एवढी चर्चा असते ते दोन जीन म्हणजे ब्राका-१ आणि ब्राका-२ (रिपोर्टवर BRCA1, BRCA2). पुष्कळांना वाटतं की हे "कॅन्सरचे जीन" आहेत आणि ते ज्याच्याकडे असतात त्याला कॅन्सर होतो. उलटं आहे. ते तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे आहेत, तुमच्या वॉचमनकडे आहेत, आणि त्यांचं काम कॅन्सर होऊ न देण्याचं आहे. बिघडले की प्रॉब्लेम.

रविवारी मेगाब्लॉक का असतो? रूळ रोज झिजतात, तडकतात, म्हणून गाड्या थांबवून गँगमन दुरुस्ती करतात. पेशीतही तसंच. डीएनएला रुळासारख्याच दोन पट्ट्या असतात. कधी एकच पट्टी तडकते, ते किरकोळ काम, त्याला एक छोटी टोळी पुरते. कधी दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटतात, तेव्हा मोठी गँग लागते, शेजारची चांगली प्रत समोर ठेवून अगदी होती तशी जोडणारी. ब्राका त्या मोठ्या गँगमधले मुख्य कारागीर.

आता दोन प्रती आठवा. म्हणजे प्रत्येक पेशीत अशा दोन गँग, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. एखादी बाई जन्मतःच एक बिघडलेली प्रत घेऊन आली तरी तिचं काही अडत नाही, दुसरी गँग काम ओढते, बाई वाढते, शिकते, लोकलला लटकून ऑफिसला जाते. पण कधीतरी कुठल्यातरी एका पेशीत ती दुसरी प्रतही खराब होते. तिथून त्या पेशीत दुरुस्ती बंद, तडे साचत जातात, आणि वर्षानुवर्षांनी गाडी रुळावरून घसरते.

म्हणून वारशात कॅन्सर येत नाही. वारशात येते एक गँग कमी असणं. हा फरक काकूंना मी तीनदा सांगितला, कारण काकूंच्या "होणारच ना" मधला "च" तिथेच गळतो.

आकडेच हवे असतील तर २०१७ साली जवळपास दहा हजार बायकांचा एक मोठा अभ्यास आला, बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या. त्यात ब्राका-१ बिघडलेल्या बायकांना वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७२ टक्के निघाली, ब्राका-२ वाल्यांना ६९. ओव्हरीच्या कॅन्सरचे आकडे ४४ आणि १७. खूप आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण शंभरातल्या अठ्ठावीस ते एकतीस जणींना स्तनाचा कॅन्सर ८० पर्यंत होत नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे.

"आईकडून येतं" हे कळलं कसं

लोकांना शंका जुनीच होती. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६६ साली स्वतःच्या बायकोच्या घराण्याची वंशावळ मांडली, त्यात २४ पैकी १० बायका स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या. पण घराण्यात आहे म्हणजे रक्तात आहे असं लगेच होत नाही. एका घरात लोक एकच तेल खातात, एकाच धुरात बसतात.

इथे आपल्या परळच्या कॅन्सर-संशोधक कमल रणदिवे यांची गोष्ट येते, आणि ती मला जरा सविस्तर सांगायचीये, कारण गूगलने २०२१ साली ८ नोव्हेंबरला त्यांचं चित्र लावलं तेव्हा माझ्या वर्गातल्या साठ पोरांपैकी एकालाही त्या कोण हे माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर स्टाफरूममध्येही फार हात वर झाले नाहीत.

माहेरच्या कमल समर्थ, जन्म १९१७, पुण्याच्या. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. वडिलांची इच्छा मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, मुलीने दोन्ही केलं नाही. १९३९ साली लग्न केलं ते जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी आणि मुंबईत आल्या. एमएस्सीला विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची क्रोमोसोम, म्हणजे डीएनएची पोथी ज्या खंडांत विभागलेली असते ते खंड. म्हणजे कमल रणदिव्यांची जेनेटिक्समधली सुरुवात सीताफळ-रामफळापासून झाली, मला ही गोष्ट फार आवडते, मार्केटमध्ये सीताफळ घेताना हमखास आठवते.

मग परळला टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी, १९४९. तिथून अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हे गाय म्हणजे ज्यांनी १९५१ साली माणसाच्या कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढवून दाखवल्या ते. काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याचं हे तंत्र, टिश्यू कल्चर, रणदिवेबाई शिकून आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली, भारतातली पहिली. आज तेच सेंटर वाढून, नाव बदलून खारघरला ॲक्ट्रेक म्हणून आहे.

त्यांचे मुख्य सोबती होते उंदीर. भावाबहिणींचं मीलन पिढ्यान्पिढ्या घडवून सगळे जवळपास एकसारखे झालेले उंदरांचे वंश असतात, त्यातल्या काही वंशांत माद्यांना स्तनाच्या गाठी हमखास होतात, काहींत जवळजवळ नाहीच. बघितलं की वाटतं, झालं, सिद्ध झालं, जीनच. पण अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या माणसाने १९३६ साली एक साधी गंमत करून दाखवली होती. गाठीवाल्या वंशाची पिल्लं जन्मल्या जन्मल्या बिनगाठीच्या वंशाच्या मादीकडे पाजायला दिली. आणि त्या पिल्लांत मोठेपणी गाठी खूप कमी झाल्या. म्हणजे आईकडून येत होतंच, पण निदान काही भाग पोथीतून नव्हे, दुधातून. पुढे कळलं की दुधात एक विषाणू होता.

रणदिवेबाईंचं काम याच गुंत्यात होतं: वंश, हार्मोन आणि विषाणू या तिघांपैकी कोण किती जबाबदार, आणि एकाच वंशाच्या उंदरालासुद्धा हार्मोन बदलले की काय होतं. स्तनाच्या कॅन्सरकडे आनुवंशिक कल म्हणून बघणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्यांचं नाव घेतात. तेव्हाची एक मुंबईची गोष्ट अशी की इथल्या पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसायचं, लग्नं समाजातच, म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या दुधाचे नमुने तपासून माणसातही असा विषाणू आहे का ते शोधायचा प्रयत्न झाला. माणसात ते काही सिद्ध झालं नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमीच होतो. हे ठळक लिहितेय कारण "दुधातून कॅन्सर" असा फॉरवर्ड उद्या कोणीतरी माझ्याच नावाने फिरवेल.

मुद्दा काय, तर "आईकडून येतं" या एवढ्याशा वाक्यात पोथी, दूध आणि एकत्र घर अशा तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या होत्या आणि त्या वेगळ्या करायला लोकांची अख्खी आयुष्यं गेली.

बाई पुढे १९६६ ते ७० त्या सेंटरच्या प्रमुख होत्या, कुष्ठरोगाच्या जंतूंवर आणि लशीवरही काम केलं, १९८२ साली पद्मभूषण. आणि १९७३ साली मुंबईत बारा जणींनी मिळून इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली, त्यातल्या एक त्या. वाशीला या संस्थेचं नोकरदार बायकांसाठी हॉस्टेल आहे, पाळणाघर आहे. बायकांनी सायन्समध्ये टिकायचं तर आधी पोराला कुठे ठेवायचं हा प्रश्न सोडवावा लागतो, हे भाषणात सगळेच बोलतात, यांनी पाळणाघर काढलं.

पत्ता सापडेना तर खूण विचारायची

उंदरात ठीक, पण माणसात नेमका कुठला जीन? हे काम मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन बाईंनी केलं. मूळच्या गणिताच्या. १९७३ची पीएचडी, आणि त्यात त्यांनी दाखवलं होतं की माणूस आणि चिंपांझी यांच्या जीनमध्ये ९९ टक्के साम्य आहे. मग १९७४ पासून स्तनाच्या कॅन्सरच्या मागे लागल्या. तेव्हा बहुतेक जाणकारांचं मत होतं की एवढ्या गुंतागुंतीच्या रोगामागे एकच जीन असणं शक्य नाही, वेळ फुकट घालवताय. सतरा वर्षं घातली.

पद्धत कशी होती ते सांगते. गिरगावात एखाद्याचं घर सापडत नसेल तर आपण खूण विचारतो, "पानवाल्याच्या बाजूला, गणपतीच्या मंडपासमोर". पोथीतही अशा खुणा असतात, माणसामाणसात जरा वेगळ्या दिसणाऱ्या जागा. एका घराण्यातल्या आजारी बायकांकडे पूर्वजांकडून आलेली एकच खूण दिसते आणि निरोग्यांकडे ती सहसा नसते असं निघालं, तर बिघडलेला जीन त्या खुणेच्या आसपास राहतो. एक खूण तपास, नाही जुळत, दुसरी तपास, असं वर्षानुवर्षं. तेव्हा आजच्यासारखी पोथी वाचायची मशीन नव्हती.

शेवटी २३ घराणी आणि त्यातले १४६ रुग्ण, आणि तरी चित्र धूसर येत होतं. मग त्यांनी घराणी वयाप्रमाणे लावली, ज्यांच्यात आजार तरुणपणी झाला ती वर. आणि वरच्या घराण्यांमध्ये खूण स्वच्छ दिसली, सतराव्या क्रोमोसोमवर. खालच्या घराण्यांत, म्हातारपणी झालेल्यांमध्ये, ती विरून जात होती, कारण त्यातल्या पुष्कळांचा आजार वारशाचा नव्हताच. १९९० साली हे जाहीर झालं. १९९४ साली दुसऱ्या एका टीमने त्या पानवाल्याशेजारचं प्रत्यक्ष दार शोधलं, ब्राका-१. पुढच्या वर्षी तेराव्या क्रोमोसोमवर ब्राका-२.

दार शोधणाऱ्या त्या टीमशी जोडलेल्या कंपनीने जीनवर पेटंट घेतलं, मग अमेरिकेत टेस्ट एकच कंपनी करणार आणि किंमत तीन हजार डॉलरच्या वर. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने नऊच्या नऊ न्यायाधीशांच्या एकमताने सांगितलं की निसर्गात असलेल्या जीनवर पेटंट मिळणार नाही. भाव पडले. आज आपल्या ग्रुपवर ऑफर फिरतात त्याचं मूळ तिथेही आहे.

ताईच्या काउन्सेलरने पहिला प्रश्न "घरात कोणाला होता" असा नव्हता विचारला, "कितव्या वर्षी" असा विचारला होता. तेव्हा विचित्र वाटलं. आता कळतं तो प्रश्न कुठून आलाय.

मग बाबांकडून कसा येईल, बाबांना स्तन कुठे आहेत

हा प्रश्न माझ्या बाबांचाच. आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात मोठी गफलत होते.

ब्राका-१ सतराव्या क्रोमोसोमवर, ब्राका-२ तेराव्यावर. ही क्रोमोसोम बाई-पुरुष दोघांकडे सारखीच असतात. बिघडलेली प्रत बाबांकडे असली तर प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला ती जायची शक्यता अर्धी-अर्धी, नाणेफेक. बाबांना स्वतःला काही होईलच असं नाही, म्हणून ती प्रत त्यांच्यातून गुपचूप पुढे जाते. अर्थात पुरुष अगदीच सुटलेले नाहीत, प्रोस्टेटचा, पॅनक्रियाजचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर त्यांना होतो, ब्राका-२ वाल्यांना जास्त.

आता काउन्सेलरच्या टेबलावर काय झालं ते. तिने कोरा कागद घेतला, बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, आजारी असेल तो भरीव काळा, गेलेल्यावर तिरकी रेघ, आणि ताईच्या गोलाकडे एक छोटा बाण. आईकडची बाजू भराभर झाली. ताईला मावश्या तीन, मामेबहिणी पाच, सगळ्यांची वयं, ऑपरेशनं, थायरॉइड, तोंडपाठ. मग म्हणाली, "वडिलांची बाजू?" काका, म्हणजे ताईचे वडील, माझे बाबा, आणि एक आत्या. "आत्या?" गेल्या. "कधी? कशाने?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

घरी कुलवृत्तांत आहे. जाड पुठ्ठ्याचा, मूळ गाव गुहागरकडचं, नऊ पिढ्या. त्यात अमुक यांचे पुत्र तमुक असं बाराशे पुरुषांचं आहे, कोण कोर्टात होता, कोणाला विहीर इनाम मिळाली हेसुद्धा. आत्याच्या नावापुढे लिहिलंय "विवाहित". बस. मुलगी लग्न करून गेली की आडनाव गेलं, पुष्कळदा नावही बदललं, आणि तिच्याबरोबर तिच्या आजाराची नोंदही गेली. ज्या बाजूचा वारसा आपण नऊ पिढ्या लिहून ठेवला त्याच बाजूच्या बायकांना काय झालं ते आपल्याला माहीत नाही. आईच्या बाजूचं माहीत असतं कारण मावश्या फोनवर बोलतात.

एक बरंय, आपल्या भाषेत मावशी, आत्या, काकू, मामी असे वेगळे शब्द आहेत. काउन्सेलरला नुसतं "आत्या" म्हटलं की तिला गोल कुठे काढायचा ते कळतं. आणि हेही कळतं की काकू-मामीचा या चार्टशी संबंध नाही, त्या लग्नाने आल्यात. आमच्याकडे मामीला झाला म्हणून भाचीला घाबरवलेलं मी बघितलंय.

मेरी-क्लेअर किंग यांचं दुसरं एक काम इथे आठवतं. अर्जेंटिनात १९७६ ते ८३ लष्करी राजवट होती, पकडून गायब केलेल्या बायकांची तान्ही मुलं भलत्यांना वाटून टाकली होती. १९८४ साली तिथल्या आज्या नातवंडं शोधायला निघाल्या तेव्हा किंगबाई त्यांच्या मदतीला गेल्या. पोथीचा एक छोटा तुकडा असा आहे जो फक्त आईकडून मुलांना जातो, मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला. आजी, तिची मुलगी, मुलीचं मूल, तिघांत तो सारखा. मधली पिढी मारून टाकली तरी आजी-नातवंडाची जोडी लागते. ब्राका त्या तुकड्यात नाही, तो दोन्हीकडून येतो, हे मुद्दाम सांगते नाहीतर परत गोंधळ.

"पण आमच्या घरात कोणालाच नव्हता"

हे दुसरं टोक. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे वारशाने आलेल्या एखाद्या जीनमुळे होतात. बाकीचे नव्वदेक टक्के वय, हार्मोन, वजन, दारू, पहिलं मूल उशिरा होणं आणि निव्वळ नशीब यांच्या मिश्रणातून. "आमच्यात नाही" म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करणाऱ्या बायका ब्राकाच्या भीतीने झोप उडालेल्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

आणि या नव्वद टक्क्यांसाठी मुंबईनेच एक मोठा धडा दिलाय. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी इथल्या झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, वय ३५ ते ६४. अर्ध्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासायच्या, मशीन नाही, असे चार फेरे. २०२१ साली निष्कर्ष आला, गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीआतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यातच आहे. तर काकू, तुम्ही छप्पन्न वर्षांच्या, आधी स्वतःची साधी तपासणी करून घ्या, मुलीची जीन टेस्ट नंतर बघू.

मग टेस्ट करायची कोणी

किंगबाईंचं स्वतःचं मत असं की तिशीपुढच्या प्रत्येक बाईला ही टेस्ट मिळायला हवी, २०१४ साली लास्कर हा वैद्यकातला मोठा अमेरिकन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ते मांडलं. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे, छोट्या कुटुंबात किंवा वारसा बापाकडून आलेल्या घरात आधी कोणी आजारी दिसतच नाही, मग घराण्याची वाट बघत बसलं तर पहिली आजारी बाई आपणच असतो. मला ते पटतं, पण आपल्याकडे आत्ता जसंच्या तसं चालेल असं वाटत नाही, आणि कारण टेस्टचं नाही, रिपोर्ट वाचण्याचं आहे.

रिपोर्टमध्ये तीन उत्तरं येतात. बिघाड आहे, बिघाड दिसला नाही, आणि तिसरं, बदल आहे पण त्याचा अर्थ लागत नाही. या तिसऱ्याने लोकांची झोप उडते. समजा एका प्रूफरीडरने जन्मभर फक्त पुणेरी मराठी वाचलीये, त्याच्या हातात मालवणी मजकूर दिला तर तो ओळीओळीला लाल खुणा करेल, चूक एकही नसताना. जगातल्या जीनच्या नोंदी जास्त करून युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत, म्हणून आपल्या पोथीतले साधे बदलसुद्धा तिथे अनोळखी दिसतात. जिनोम इंडिया या प्रकल्पात आपल्याकडच्या वेगवेगळ्या समाजांतल्या दहा हजार लोकांच्या पोथ्या वाचल्या गेल्या, २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली, म्हणजे प्रूफरीडर आता मालवणी शिकायला लागलाय. तोपर्यंत "अर्थ लागत नाही" या शेऱ्यावर कोणी ऑपरेशन करायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

दुसरी गोष्ट, टेस्टची सुरुवात शक्यतो घरातल्या आजारी व्यक्तीपासून करायची. तिच्यात बिघाड सापडला की बाकीच्यांमध्ये नेमका तोच शोधायचा, स्वस्त पडतं आणि उत्तर स्वच्छ मिळतं. काकूंच्या मावशी हयात आहेत, डोंबिवलीत असतात, टेस्ट आधी त्यांची. त्यांच्यात काही नाही निघालं तर पुढे मुलीला ओढायचं कारणच फारसं उरत नाही.

घरबसल्या थुंकीच्या ऑफरबद्दल एवढंच, अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळालेली अशी पहिली घरगुती टेस्ट ब्राकामधल्या फक्त तीन चुका बघायची, ज्या अश्कनाझी, म्हणजे मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांत जास्त सापडतात. चुका हजारो आहेत. "तीन नाहीत" याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नये. कुठलीही टेस्ट घ्यायच्या आधी ती पूर्ण जीन वाचते का आणि रिपोर्ट समजावायला माणूस आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

पॉझिटिव्ह आलं तर काढूनच टाकायचं का

हॉलिवूडची नटी अँजेलिना जोलीने मे २०१३ मध्ये स्वतःबद्दल लिहिलं आणि जगभर हाच प्रश्न सुरू झाला. तिची आई ५६व्या वर्षी गेली होती, जोलीमध्ये ब्राका-१ बिघडलेला, तिने दोन्ही स्तन काढले. त्याने धोका नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतो. पण तो एकच रस्ता नाही. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून सोबत मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), असं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हाही मान्य रस्ता आहे, पुष्कळ जणी तोच घेतात. ओव्हरीचं मात्र वेगळं, तिच्यासाठी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर ब्राका-१ वाल्यांना ३५ ते ४० च्या दरम्यान ओव्हरी आणि नळ्या काढायचा सल्ला देतात, ब्राका-२ वाल्यांना थोडा उशिरा.

आणि आजार झालेलाच असेल तर रिपोर्टचा उपयोग औषध निवडायला होतो. ती छोटी टोळी आठवते ना, एका पट्टीचा तडा जोडणारी? तिचं नाव पार्प. ओलापरिब नावाची गोळी त्या टोळीला कामावरून बसवते. निरोगी पेशीत एक ब्राका गँग शिल्लक असते, ती सांभाळून घेते. कॅन्सरच्या पेशीत ब्राका मुळातच बंद, आता पार्पही बंद, तडे इतके होतात की ती पेशीच मरते. शत्रूची दुबळी बाजू ओळखून तिथेच घाव. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओव्हरीच्या कॅन्सरसाठी ही गोळी मान्य झाली, नंतर स्तनाच्याही काही रुग्णांसाठी. ताईची आता चालू आहे.

मुलीचं लग्न कसं ठरणार

ग्रुपवर कोणी लिहिलं नाही, पण काकूंनी मला जिन्यात थांबवून विचारलं. मी काय सांगणार. रिपोर्ट मुलीचा, सज्ञान झाल्यावर तिने ठरवायचा, लहान मुलांची ही टेस्ट करतच नाहीत. विम्याचंही लोक विचारतात. अमेरिकेत २००८ साली जीनच्या रिपोर्टवरून नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करायला बंदी आली, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, म्हणून टेस्टच्या आधी पॉलिसीचे कागद वाचलेले बरे. लग्नाचं म्हणाल तर पत्रिका बघून जे लोक एकनाड आहे म्हणतात त्यांना वीस हजार जीन दाखवले तर जगात एकही लग्न व्हायचं नाही, प्रत्येकाच्या पोथीत काहीतरी चुकलेलं आहेच.

आत्याचा फोन

काउन्सेलरकडून आलो त्या रात्री मी चिपळूणला आतेभावाला फोन लावला. आठ वर्षांनी. आधी पाऊस, मग आंबा, मग विचारलं, आत्या कशाने गेली होती रे? तो म्हणाला, "पोटात पाणी झालं होतं. जलोदर म्हणायचे." मी गप्प झाले, कारण ओव्हरीचा कॅन्सर वाढला की पोटात पाणी होतं. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या ट्रंकेतल्या एका पिवळ्या कागदाचा फोटो पाठवला, १९८७ चा, घडीवर फाटलेला, पण वय वाचता येत होतं, ४४, आणि खाली एका डॉक्टरच्या अक्षरात ओव्हरी हा शब्द.

ताईचा रिपोर्ट आला, ब्राका-१. काकांकडून आलेला असणार. मग पुढचा नंबर माझ्या बाबांचा, त्यांच्यात नसला तर माझा आणि माझ्या मुलीचा प्रश्नच मिटतो. बाबा वय वर्षं ७४, पहिले आठ दिवस "बायकांच्या आजाराला माझं रक्त कशाला" यावर गेले.

नवव्या दिवशी मी डायनिंग टेबलवर चार्ट परत नीट काढत बसले होते. आत्याचा गोल काळा केला, तिरकी रेघ मारली, बाजूला ४४ लिहिलं. बाबा चष्मा लावून उभे. "ही माई का?" म्हणाले. हो म्हटलं. "नाव नाही लिहिलंस." मी सुनंदा लिहायला लागले तर त्यांनी पेन काढून घेतलं. "सुनंदा सासरचं. आमची ती कुसुम." आणि त्या काळ्या गोलाखाली त्यांच्या बँकेतल्या अक्षरात कुसुम लिहिलं.

मग पेन टोपण लावून मला परत दिलं आणि विचारलं, "उद्या उपाशीपोटी जायचंय का?"

म्हटलं नाही बाबा, चहा पिऊन गेलं तरी चालतं.